भित्रे काकांची पाळत

भित्रे काका एंटरचं बटण दाबण्याआधी खुर्चीतून उठून उभे राहत. फाइलींची साधी यादी बघायची असो की अख्खं मशीन बंद करायचं असो, विधी ठरलेला. खुर्ची मागे सरकवायची, चपला काढायच्या, टाइप केलेलं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचायचं आणि शेजारी बसलेल्या मला विचारायचं, "वाचलं ना व तू?" मी हो म्हटलं की मधल्या बोटानं एंटर दाबून हात असा झटकन मागे घ्यायचे, जणू तापल्या तव्याला लागला. मग तोच हात न बघता उजवीकडे जायचा. तिथे त्यांची पाण्याची बाटली असायची. दोन घोट पाणी प्यायल्यावर काकांच्या जिवात जीव यायचा.

त्यांचं आडनाव अर्थातच भित्रे नव्हतं. पण आमच्या अमरावतीच्या रक्तपेढीत त्यांना सगळे पाठीमागे हेच म्हणत, आणि एका नव्या क्लार्कनं तर ड्युटीच्या तक्त्यावर 'श्री. भित्रे' असं सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं. काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "राहू दे. खोटं नाई लिहिलं त्यानं." ते अकोल्याचे. तिथल्या एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळता सांभाळता रिटायर झाले आणि घरी बसून करमेना म्हणून आमच्याकडे कंत्राटावर आले. रोज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटोनं पेढीत. पिशवीत डबा एक आणि पाण्याच्या बाटल्या दोन. गाडी चुकेल या भीतीनं ते स्टेशनवर तासभर आधी जात, आणि गाडीत चढल्यावर ती चुकीची गाडी तर नाही ना, या भीतीनं मूर्तिजापूरपर्यंत जागे राहत.

मी मोर्शीची. संत्र्याच्या बागेत वाढलेली, झाडावर चढून पडलेली, आणि कॉलेजातून नुकतीच कॉम्प्युटरची पदवी घेऊन काकांच्या हाताखाली लागलेली. मला भीती ठाऊक नव्हती, आणि या गोष्टीचा मला भलताच अभिमान होता. पहिल्याच आठवड्यात मी काकांना सुनावलं, "काका, एवढं घाबरून कसं काम होणार?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, भेव हाय म्हून आपण पाहून घेतो. ज्याले भेव नाई तो पायते कावून?" तेव्हा मला हे म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी बोलणं वाटलं होतं.

पण या भित्र्या माणसाकडे एक विद्या होती आणि ती मी दुसऱ्या कोणाकडे तशी पाहिली नाही. त्या विद्येला ते 'पाळत' म्हणत. लिनक्सच्या मशीनवर एक कमांड असते. ती लावली की चालू प्रोग्रॅम आतल्या आत काय काय करतो, ते ओळीओळीनं पडद्यावर उमटतं. काका ते असं समजावत, "प्रोग्रॅमले सोताचे हात नसते. फाइल उघडाची असो, वाचाची असो, पडद्यावर काही लिहाचं असो, त्याले कर्नलच्या, म्हंजे मशीनच्या कारभाऱ्याच्या, खिडकीत जाऊन मांगा लागते. तहसीलसारखं. आपण खिडकीजवळच्या बाकावर बसाचं. कोनं काय मांगलं, खिडकीनं काय देल्लं, लिहून घ्याचं. बस." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य यायचं, "तो तोंडानं काय म्हणते ते सोड. हात कशाले जाते ते पाय."

पाळतीचेही नियम होते. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, तेही पेन्सिलीनं, वहीत. एकही ओळ गाळायची नाही. शंभर ओळी एकसारख्या आल्या तरी शंभर लिहायच्या. मी कंटाळून "वरीलप्रमाणे" असं लिहिलं, तर काकांनी रबर पुढे केला. "जिथी कंटाळा येते ना, साप तिथीच बसून राह्यते." शिवाय चालत्या प्रोग्रॅमवर पाळत लावण्याआधी ते पेढीतल्या प्रत्येकाला जाऊन सांगत, कारण पाळत लागली की प्रोग्रॅम मंदावतो, आणि मंदावलेला प्रोग्रॅम कोणाच्या तरी जिवाशी येईल, अशी त्यांना भीती होती. सगळ्यांना सांगून ते परत येईस्तोवर मी चहा पिऊन यायची.

आता माझ्या पराक्रमाचं सांगते. पेढीत रक्ताच्या पिशव्या ठेवायचे दोन मोठे फ्रिज होते. आतलं तापमान दोन ते सहा अंशांच्या मधे राहावं लागतं. जुन्या फ्रिजच्या दारावरचा आकडा दाखवणारा डबा कधीचाच बंद पडला होता, म्हणून आतमध्ये एक सेन्सर सोडून त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली होती. तो आकडा वाचून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तापमान वाढलं तर भोंगा वाजवण्याचं कामही त्याचंच. पण सेन्सरकडून कधीकधी आकडा यायचा नाही, आणि मग पडद्यावर नुसत्या रेघा दिसायच्या. मुख्य तंत्रज्ञ असलेल्या देशमुख मॅडम वैतागल्या. "तुझा पडदा दिवसातून चारदा डोळे मिटतो. नातेवाईक बघतात, घाबरतात. काहीतरी कर." काका त्या दिवशी नातवाच्या जावळासाठी सुटीवर होते. मी तीन ओळी लिहिल्या. नवा आकडा आला नाही तर आधीचा जपून ठेवलेला आकडा दाखवायचा. रेघा गेल्या, मॅडम खूश झाल्या. एंटर मारताना मी उभी राहिले नव्हते, हे वेगळं सांगायला नको.

मे महिना होता. आदल्या दिवशी वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पिशवी ठेवून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत उभे राहिले. जुन्या फ्रिजचा आकडा होता चार पूर्णांक एक. चहा पिऊन आले, पुन्हा बघितलं. जेवणाच्या आधी पुन्हा.

"काल मी निघालो तवा बी चार पॉइंट एकच होतं," ते म्हणाले. "बाहेर शेचाळीसचं ऊन. दार दिवसभर उघडते, लागते. आन हा आकडा जागचा हालून नाई राह्यला. मले भेव वाटून राह्यलं."

"फ्रिज चांगला आहे म्हणून काका," मी हसून म्हटलं.

"इतकं चांगलं कोनी नसते," काका म्हणाले.

त्यांनी आधी देशमुख मॅडमना सांगून एक काचेचा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत बुडवून फ्रिजमध्ये ठेवायला लावला. त्याचा पारा स्थिरावायला वेळ लागणार होता. तेवढ्यात आपण पाळत लावू, म्हणाले. मी नाखुशीनंच वही उघडली. माझ्याच प्रोग्रॅमवर पाळत म्हणजे आईनं शेजाऱ्यांसमोर दप्तर तपासण्यासारखं होतं. काका पेढीभर सांगून आले, उभे राहिले, चपला काढल्या, वाचलं, मला विचारलं, एंटर दाबला, पाणी प्यायले आणि वाचू लागले.

"यूएसबी झिरो, म्हंजे सेन्सर, उघड म्हणते. खिडकी म्हणते, असं काही इथी नाई."

मी लिहिलं.

"मंग दुसरी फाइल मांगते. शेवटचा आकडा नावाची. भेटली. वाचली. चार पॉइंट एक."

मी लिहिलं.

"पडद्यावर लिही, म्हणते. चार पॉइंट एक. लिहिलं. आता दहा सेकंद झोपला. उठला. यूएसबी झिरो उघड. असं काही इथी नाई. मंग शेवटचा आकडा..."

माझी पेन्सिल थांबली. त्या फाइलीला 'शेवटचा आकडा' हे नाव मीच दिलं होतं. वीज आल्यावर कॉम्प्युटरनं सेन्सरला झिरोऐवजी यूएसबी वन हे नाव दिलं होतं. सेन्सर होता, वायर होती, सगळं जागेवर होतं. माझा प्रोग्रॅम मात्र जुन्याच पत्त्यावर जाऊन हाक मारत होता, दर दहा सेकंदांनी. उत्तर आलं नाही की खिशातला कालचा आकडा काढून भिंतीवर लावत होता, हिरव्या अक्षरात. मी काकांकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा पांढरा झाला होता, पण ते वाचत होते. एकही ओळ गाळली नाही.

तेवढ्यात देशमुख मॅडम थर्मामीटर घेऊन दारात आल्या. त्यांनी तो पुढे केला. पारा अकरावर होता. विजेच्या त्या खेळात फ्रिजचा स्टॅबिलायझर बंद पडला होता आणि फ्रिज कालपासून बंद होता.

सकाळपासून त्या फ्रिजमधून तीन पिशव्या बाहेर गेल्या होत्या, तिन्ही एकाच बाईसाठी. शेजारच्या इस्पितळात ती बाळंत झाली होती, रक्त फार गेलं होतं. मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, आधी त्या तीन ओळी पुसून टाकाव्यात. सेन्सर बिघडला होता म्हणावं. कोण तपासणार आहे? माझा हात कीबोर्डकडे गेलाही. काकांनी तो बघितला, कारण ते नेहमी हाताकडेच बघत.

"आधी फोन," ते म्हणाले.

"काका, तुम्ही करता का?"

"नाई. तू कर. मी बाजूले उभा राह्यतो."

आणि ते उभे राहिले. चपला काढलेल्याच होत्या. मी फोन उचलला, वॉर्ड मागितला आणि म्हटलं की आम्ही पाठवलेलं रक्त खराब असू शकतं, देऊ नका, माझ्या प्रोग्रॅमनं चुकीचा आकडा दाखवला. 'माझ्या' हा शब्द तोंडातून निघताना किती जड असतो ते मला तेव्हा कळलं. पलीकडची सिस्टर म्हणाली, दोन पिशव्या देऊन झाल्या, तिसरी आत्ताच लावणार होतो. तिनं फोन तसाच टेबलावर टाकला आणि ती धावली. तिच्या पावलांचा आवाज मी अजून विसरलेले नाही.

फ्रिजमधल्या बाकीच्या पिशव्या मॅडमनी बाजूला काढून त्यांवर लाल चिठ्ठ्या लावल्या. मी आणि काका वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. आमचा तिथे काही उपयोग नव्हता. पण मला उठवेना आणि काका मला सोडून जाईनात. तासाभरानं बाईला थंडी भरून आली. ताप चढला. डॉक्टर आत गेले, सिस्टर बाहेर आली, पुन्हा आत गेली. दार उघडलं की पलंगाच्या पायथ्याशी थरथरणारी चादर दिसायची. मी मनातल्या मनात त्याच ओळी म्हणत होते. असं काही इथे नाही, शेवटचा आकडा, चार पूर्णांक एक. एवढी भीती मला ना त्याआधी वाटली होती ना नंतर, अगदी पुढे माझं स्वतःचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्या बाईची आई बसली होती. शेंदूरजनाघाटची. मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं नातवंड, ते रडलं की ती त्याच्याकडे बघायची आणि मग दाराकडे. बऱ्याच वेळानं तिनं काकांना विचारलं, "तुमचं कोन हाय आत?"

काकांनी खोटं कधी बोललेलं मी ऐकलं नाही. ते म्हणाले, "माय, तुमच्या लेकीले जे रक्त देल्लं, ते ज्या फ्रिजातलं होतं, तो पाहाचं काम आमचं होतं. आमच्या हातून चुकलं. म्हून बसून हाओ."

ती आम्हाला शिव्या देईल असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरंच वाटलं असतं. तिनं नुसतं मूल छातीशी ओढलं आणि तोंड दुसरीकडे केलं. काका 'आमच्या' म्हणाले होते. त्या तीन ओळी लिहिल्या तेव्हा ते जावळाला गेले होते, हे त्यांनी ना तिला सांगितलं, ना मॅडमना, ना पुढे चौकशी झाली तेव्हा कागदावर लिहिलं.

संध्याकाळी ताप उतरू लागला. अंधार पडायच्या आत बाईनं डोळे उघडून बाळ मागितलं. डॉक्टर म्हणाले, तिसरी पिशवी लागली असती तर सांगता आलं नसतं. मी जिन्यावर जाऊन मनसोक्त रडले. काका दोन पायऱ्या खाली उभे राहून बाटली पुढे करत होते.

"भेली का व?" त्यांनी विचारलं.

"हो काका. खूप भ्याले."

"बरं झालं. आता तू कामाची झाली."

दुसऱ्या दिवशी मी त्या तीन ओळी काढल्या. पडद्यावर रेघा परत आल्या, आणि रेघा आल्या की भोंगाही वाजू लागला. मॅडमनी आता तक्रार केली नाही. काका म्हणाले, "मालूम नसलं तं नाई मालूम म्हणाचं. कालचं बरं आज दाखवू नये." त्यानंतर आम्ही दोघांनी चार वर्षं बरोबर काम केलं, आणि एंटर दाबताना दोघंही उभे राहत असू. लोक हसायचे. हसू देत.

मग काकांची नजर कमी झाली आणि त्यांनी काम सोडलं. गेल्या उन्हाळ्यात कळलं की त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. मी अकोल्याला गेले. दार त्यांच्या लेकीनं, मंगलताईनं उघडलं. काका पलंगावर होते, निम्मे झालेले. ओठांना कोरड पडून साल निघालेली. मला बघून चेहऱ्यावर काही हललं नाही.

"कसे आहात काका?"

"बरं हाय."

"जेवलात?"

"बरं हाय."

"ओळखलं का मला?"

"बरं हाय."

मंगलताई हळू आवाजात म्हणाली, "काई बी इचारा, हेच म्हणतात. पाणी तं पीतच नाई हो. देऊ का म्हटलं तं बरं हाय. मी तोंडाले लावलं का तोंड फिरवतात, दुसऱ्याच्या हातानं प्याची आयुष्यात सवय नाई. त्यांचं त्यांनी घ्यावं म्हून ठेवते जवळ, तं तसंच राह्यते. परवा सलाईन लावलं. डॉक्टर म्हणे, असंच राह्यलं तं किडनी जाईन. मले भेव वाटते ताई, त्यांनी मनातून सोडून देल्लं का काय."

मलाही भीती वाटली. त्या तीन वेळा आलेल्या 'बरं हाय'ची भीती वाटली. तोच सूर, तोच आकडा, तसूभर हालचाल नाही. इतकं बरं कोणी नसतं. मी पर्समधून पेन्सिल काढली, मंगलताईकडून एक वही मागून घेतली आणि पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. ती माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत राहिली. मी काकांच्या तोंडाकडे बघणं सोडून दिलं.

पहिल्यांदा लिहिलं: उजवा हात उचलला. उजवीकडे गेला. काही नाही. परत आला. थोड्या वेळानं पुन्हा: उजवा हात, उजवीकडे, काही नाही, परत. मग पुन्हा. प्रत्येक वेळी बोटं हवेत अर्धवट मिटायची, जणू काही धरायचंय, आणि रिकामी छातीवर येऊन पडायची. मी 'वरीलप्रमाणे' लिहिलं नाही. सातव्यांदा लिहिताना माझे डोळे भरून आले.

"मंगलताई, हा पलंग आधी असाच होता?"

"नाई. कूलरची हवा लागावी म्हून उन्हाळ्यात फिरवला. टेबल तिथंच हाय, त्या बाजूले."

टेबल जागेवर होतं, बाटली होती, पाणीही होतं. पण पलंग फिरल्यानं ते काकांच्या डावीकडे आलं होतं, जी बाजू त्यांच्यासाठी आता उरलीच नव्हती; तिकडे ना नजर जात होती, ना हात. मी टेबल उचलून उजवीकडे ठेवलं. बाटलीचं झाकण सैल केलं. काही विचारलं नाही, पुन्हा स्टुलावर जाऊन बसले. पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग हात उचलला गेला. न बघता उजवीकडे गेला. बाटलीला लागला, थबकला आणि मग बोटं तिच्याभोवती मिटली.

काका प्यायले. निम्मं पाणी गळ्यावर सांडलं, तरी पीत राहिले. मंगलताई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. बाटली रिकामी झाल्यावर काकांनी ती होती तिथेच ठेवली आणि कितीतरी वेळ माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. पुन्हा 'बरं हाय' येणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले.

"भेली का व?" काकांनी विचारलं.

"हो काका," मी म्हटलं. "खूप."